वही कोणाची?

(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पारितोषिकाच्या दिवशी पाहुण्याने काय बोलावे याचा एक ठरलेला रिवाज आहे. वक्तशीरपणा, परिश्रम, आईवडिलांची सेवा हे विषय आपण दरवर्षी ऐकतो आणि ते ऐकायला हवेतच. चिटणीस साहेबांनी फोनवर माझा विषय विचारला तेव्हा मी ‘हिप-हॉप’ म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “सर, थोडक्यात आटोपाल ना?” मी होय म्हटले आहे. आता पाहू या कितपत जमते ते.

माझी सारी नोकरी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. सेवानिवृत्त होताना कपाट रिकामे करत होतो, तेव्हा खालच्या कप्प्यात जप्त केलेल्या चीजवस्तूंचा एक पत्र्याचा डबा निघाला. दोन भोवरे, क्रिकेटपटूंची चित्रे, तुटका गॉगल आणि त्यांच्याखाली एक शंभर पानी वही. पुढून उघडली तर विज्ञानाचा दुसरा धडा, तोही अर्धवट. मागून उघडली तर ओळीच ओळी. तेव्हा मला सारे आठवले. नववीचा वर्ग, शेवटचा बाक, आणि बाकावर दोन बोटांनी ठेका धरून काही पुटपुटणारा एक मुलगा. मी वही ओढून घेतली होती आणि “शाळा सुटल्यावर ये” असे म्हटले होते. तो आला नाही. मीही बोलावले नाही. त्याच वर्षी त्याने शाळा सोडली.

त्या दिवशी रिकाम्या वर्गात बसून मी ती वही वाचली. पहाटे तीनला टेम्पो घेऊन निघणारे वालिद, नळावरची रांग, नोकरी गेलेला थोरला भाऊ, आणि चाळीच्या जिन्यात ऐकू येणारी भांडणे, असे सगळे तीत होते. काय लिहिले होते याहून कसे लिहिले होते ते पाहून मी चकित झालो. एकेका ओळीच्या पोटात तीन-तीन, चार-चार यमके होती. एक शब्द तीनदा खोडून चौथ्यांदा नेमका बसवलेला होता. ज्या मुलाच्या प्रयोगवहीत मला वर्षभरात एक दुरुस्ती आढळली नव्हती, त्याने ही पाने इतक्या कसोशीने दुरुस्त केली होती! हे काय आहे, असे मी माझ्या भाच्याला विचारले. तो म्हणाला, “मामू, हा रॅप आहे.” तेथून माझे शिक्षण सुरू झाले. त्याचा थोडा वृत्तांत आज आपणांपुढे ठेवतो.

ही कला जेथे जन्मली ते ठिकाण न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स होय. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या भागाच्या छातीवरून एक सहापदरी महामार्ग नेण्यात आला आणि हजारो कुटुंबे उठवली गेली. ज्यांना जमले ते निघून गेले, मागे गरीब राहिले. १९७० च्या दशकात इमारतींना आगी लागत. त्यांतल्या कित्येक मालकांनी विम्याच्या पैशांसाठी लावल्या होत्या. १९७५ मध्ये नगरपालिका दिवाळखोरीच्या काठावर आली आणि हजारो शिक्षकांना घरी बसवण्यात आले. संगीताचे तास आणि वाद्ये ही अशा वेळी प्रथम जातात, हे या सभागृहातील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ज्या पिढीच्या हातात शाळेने व्हायोलिन किंवा तुतारी दिली असती, तिच्या हातात काहीच उरले नाही. घरात होत्या त्या वडिलांच्या जुन्या तबकड्या.

११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीतल्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्बेल नावाच्या मुलीने एक जलसा ठेवला. हेतू काय, तर शाळा उघडण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे जमवावेत. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट प्रवेश फी. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, जो पुढे कूल हर्क या नावाने ओळखला गेला. हे कुटुंब जमैकाहून आलेले. हर्कच्या एक गोष्ट ध्यानात आली होती, ती अशी की गाण्यात जेथे गायक थांबतो आणि नुसता ढोल वाजतो, तेथे नाचणारे सर्वांत रंगतात. पण तो तुकडा काही सेकंदांचाच. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. अशा रीतीने काही सेकंदांचा ठेका हवा तितका लांबवता आला. त्या ठेक्यावर माणसांना उत्साह देण्यासाठी कोणी बोलू लागला, बोलण्याला यमक आले, यमकात गोष्ट आली. तबकडी वाजवणारा तो डी.जे. आणि बोलणारा तो एम.सी. नाच आणि भिंतीवरची चित्रे हीही याच कुटुंबातली भावंडे, पण आज त्यांच्याकडे वळत नाही.

आता वहीची गोष्ट ऐका. सहा वर्षे हा सारा प्रकार गल्लीत आणि बागेत चालला होता. कोणी त्याची तबकडी काढली नव्हती. १९७९ साली शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील एका बाईंनी, सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी, ती काढायचे ठरवले. त्यांना बोलणारी मुले हवी होती. पिझ्झाच्या दुकानात काम करणारा एक जण, पुढे बिग बँक हँक म्हणून प्रसिद्ध झालेला, त्यांना मिळाला. पण तो काही स्वतः कवने रचणारा नव्हता. ब्राँक्समध्ये ग्रँडमास्टर कॅझ नावाचा एक पट्टीचा रचनाकार होता, त्याच्याकडे हँक गेला आणि कॅझने मित्रत्वाने आपली वहीच त्याला दिली. हँकने त्यातली कवने जशीच्या तशी म्हटली. इतकी जशीच्या तशी, की एका ठिकाणी कॅझने स्वतःच्या टोपणनावाची अक्षरे यमकात गुंफली होती, तीदेखील तशीच तबकडीवर उतरली! ‘रॅपर्स डिलाइट’ हे ते गाणे. अमेरिकेतल्या पहिल्या चाळीस गाण्यांत गेलेले ते पहिले रॅपगीत. जगभर वाजले. कॅझला ना नाव मिळाले, ना दाम.

मी ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा पत्र्याच्या डब्यातली वही माझ्या टेबलावर होती. हँकने निदान विचारून तरी घेतली होती.

तेव्हा या कलेत अगदी पहिल्या पावलापासून एक प्रश्न उभा आहे : वही कोणाची? ज्याला स्वतंत्र हिप-हॉप म्हणतात, म्हणजे मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या दावणीला न बांधलेले, ते सारे या एका प्रश्नाभोवती फिरते. विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय माझे समाधान होत नाही. समजा, एका कंपनीने एका मुलाच्या गाण्यांवर दहा लाख रुपये खर्च केले आणि विक्रीत त्याचा वाटा शंभरास पंधरा ठरवला. हे दहा लाख त्याला उचल म्हणून दिलेले असतात आणि ते त्याच्या वाट्यातूनच वळते होतात. म्हणजे गाण्यांची विक्री सुमारे सदुसष्ट लाखांवर जाईपर्यंत त्याच्या हातात त्यापुढे एक रुपया पडत नाही. बरे, उचल फिटल्यावर तरी मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला हे लोक ‘मास्टर’ म्हणतात, त्याचे होते काय? नाही. ते कंपनीचेच. घराचे सगळे हप्ते फेडावेत आणि घर मात्र सावकाराच्या नावावर राहावे, असा हा व्यवहार. कंपनी जोखीम घेते हे खरे आहे, दहांतली बरीच गाणी बुडतात हेही खरे आहे. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलापुढे कागद येतो, तेव्हा हे गणित त्याला कोणी शिकवलेले असते काय?

काहींनी ते धक्के खाऊन शिकून घेतले. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात टू शॉर्ट नावाचा मुलगा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस मित्राबरोबर घरीच कॅसेटी भरायचा आणि रस्त्यावर विकायचा. गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे त्याच्या नावाचे खास गाणेसुद्धा करून द्यायचा. त्या भागात मोटारीच्या डिकीतून कॅसेटी विकण्याचा धंदाच पुढे उभा राहिला. उत्तरेकडील मिनिआपोलिस या थंडगार शहरात १९९५ साली चार-दोन मित्रांनी ‘ऱ्हाइमसेयर्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि १९९९ मध्ये गाण्यांच्या तबकड्यांचे दुकान उघडून ते सुमारे वीस वर्षे चालवले. त्यांच्यातला ब्रदर अली हा जन्मतः त्वचेत रंगद्रव्य नसलेला, दृष्टीने कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अंध, आणि पंधराव्या वर्षी इस्लाम स्वीकारलेला गोरा कलावंत. गाण्यात तो आपल्या शरीरावर, श्रद्धेवर आणि देशावर एकाच सरळपणाने बोलतो. या सगळ्यांचे जीवन फारसे झगमगीत नसते. दिवसा कुठेतरी नोकरी, रात्री गाणे, सुट्टीत एका गाडीत सहा जण कोंबून गावोगाव कार्यक्रम, आणि कार्यक्रमानंतर दाराशी टेबल मांडून स्वतःच सदरे नि तबकड्या विकणे. आपल्याकडचा तमाशाचा फड ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

पण ज्या एका ठिकाणाने मला सर्वांत अधिक विचार करायला लावला ते लॉस एंजेलिस शहरातील क्रेनशॉ या भागात आहे. त्या रस्त्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण तेथे जे घडले ते एखाद्या शाळेत घडण्यासारखे आहे.

दक्षिण लॉस एंजेलिस ही कामगारांची वस्ती. १९७९ ते १९८२ या चार वर्षांत तेथले गुडइयर आणि फायरस्टोनचे टायरचे कारखाने आणि जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना बंद पडले. मुंबईत ज्यांच्या घरात १९८२ चा गिरणी संप शिरला होता, त्यांना पुढचे सांगायला नको. त्यातच १९७८ साली तेथल्या मतदारांनी घरपट्टीवर मर्यादा घातली होती, आणि शाळांचा पैसा आटल्यावर कलेच्या वर्गांवर गदा आली. कारखाने गेले, अमली पदार्थ आले. टोळ्या तर आधीपासूनच होत्या. कोणत्या रंगाचा रुमाल बांधून कोणत्या गल्लीत जायचे याचे नियम मुलांना पाठ असत, कारण चुकले तर जीव जाई.

अशा वस्तीत ‘गुड लाइफ’ नावाचे एक लहानसे दुकान होते. आरोग्याला हितकारक पदार्थांचे दुकान आणि त्यालाच जोडून उपाहारगृह. डिसेंबर १९८९ मध्ये बी हॉल नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या मुलाने तेथे दर गुरुवारी रात्री आठ ते दहा माइक खुला ठेवायला सुरुवात केली. ज्याला म्हणायचे असेल त्याने नाव नोंदवावे, पुढे यावे, म्हणावे. नियम थोडे होते पण कडक होते. शिवी द्यायची नाही. च्युइंगगम खायचे नाही. भिंतीवर चित्रे लावली आहेत, त्यांना टेकायचे नाही. आणि एक नियम श्रोत्यांच्या हातात होता : म्हणणारा अडखळला, रटाळ झाला किंवा त्याने नियम मोडला, की सारे सभागृह एका सुरात म्हणे, “कृपया, माइक पुढे द्या.” समोर कितीही मोठे नाव असो, माइक पुढे द्यावा लागे.

आपणांपैकी काहींना वाटेल की हा नियम सोवळेपणाचा आहे. मला तसे वाटत नाही. शिवी ही आळशी कवीची कुबडी आहे. ओळ कमी पडली की ती टेकायला मिळते. ती काढून घेतल्यावर या मुलांना खरोखर चालावे लागले. आणि ती चालली कशी! फ्रीस्टाइल फेलोशिप हे त्यांतले नावाजलेले पथक. जॅझमधला वादक जसा सूर वळवतो, तशी ही मुले शब्द वळवीत, मध्येच लय दुप्पट करीत, आणि समेवर अचूक येत. त्यांनी आपला पहिला संग्रह १९९१ मध्ये स्वतःच काढला. पुढे जगभर फिरलेले ज्युरासिक फाइव्ह हे पथक येथेच जमलेल्या दोन टोळक्यांच्या एकत्र येण्यातून तयार झाले. टोळके हा शब्द मी चांगल्या अर्थाने वापरतो आहे. मेड्युसा नावाची एक स्त्री पुरुषांच्या त्या गर्दीत उभी राहून सर्वांना गप्प करीत असे.

विद्यार्थिनींनी विशेष लक्ष द्यावे. तेथे येणाऱ्यांत विद्यापीठात शिकणारी एक मुलगी होती, एव्हा डुव्हर्ने. मैत्रिणीबरोबर ती तेथे रॅप म्हणायची. पुढे ती चित्रपट दिग्दर्शिका झाली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या लढ्यावरचा ‘सेल्मा’ हा २०१४ चा चित्रपट तिचा. पण त्याच्या सहा वर्षे आधी, २००८ मध्ये, तिने ज्या माहितीपटाने आपली वाट सुरू केली तो या गुरुवारच्या दोन तासांवरच होता. त्यात तिने जुन्या सवंगड्यांना पुन्हा शोधून बोलते केले आहे. बरेचसे जण प्रसिद्धीवाचून राहिले. कोणाच्याही बोलण्यात ते दोन तास फुकट गेले असा सूर नाही.

२९ एप्रिल १९९२ रोजी त्याच शहरात दंगल उसळली. एका कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस न्यायालयात सुटले, ती चित्रफीत साऱ्या देशाने पाहिलेली होती, आणि मग पाच-सहा दिवस शहर जळत राहिले. साठांहून अधिक माणसे मेली. त्यानंतरही गुरुवार चालू राहिले. १९९४ मध्ये या मुलांनी जवळच्या लायमर्ट पार्कमध्ये आपली स्वतःची बैठक सुरू केली, ‘प्रोजेक्ट ब्लोड’ या नावाने. तिला जागा दिली बेन काल्डवेल या चित्रपट निर्मात्याने, आपल्या कलाकेंद्रात. जूयंग ली या समाजशास्त्रज्ञाने तेथे वर्षानुवर्षे जाऊन, स्वतः नाचून, मुलांशी मैत्री करून एक पुस्तक लिहिले, ते २०१६ साली आले. त्यात एक गोष्ट वाचून मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. टोळीतली मुलेसुद्धा कधी कधी एखाद्याला सोडून देत, कारण तो ‘रॅप म्हणणारा’ म्हणून गल्लीत ओळखला जाई. म्हणजे वहीतल्या त्या ओळी त्याचा परवाना होत्या. मी जी वही कपाटात टाकली तिचा तिच्या मालकाला असा काही उपयोग होत होता की काय, हे विचारायला मला आता जागा नाही. ली यांनी दुसरी बाजूही लपवलेली नाही. मोठे नाव होईल या आशेवर ही मुले वर्षे घालवतात, बहुतेकांचे ते होत नाही, आणि रस्ता काही सगळ्यांना सोडत नाही.

त्याच क्रेनशॉ भागातला निप्सी हसल हा कलावंत याचे उदाहरण आहे. त्याचे वडील एरिट्रियाहून आलेले. निप्सी तरुणपणी टोळीत होता, हे त्याने कधी नाकारले नाही. त्याची गाणी मी या सभागृहात वाजवणार नाही, गुड लाइफच्या दारातूनही ती आत गेली नसती. पण त्याला हिशेब कळत होता. एका मोठ्या कंपनीचा करार सोडून तो बाहेर पडला. २०१३ मध्ये त्याने आपला ‘क्रेनशॉ’ हा संग्रह इंटरनेटवर फुकट ठेवला आणि त्याच्याच एक हजार प्रती काढून एकेकीची किंमत ठेवली शंभर डॉलर! लोक हसले. प्रती संपल्या. मूळ ध्वनिमुद्रणे त्याने आपल्या हाती ठेवली. ज्या दुकानांच्या आवारात तो मोटारीतून तबकड्या विकत असे, तेथेच २०१७ मध्ये त्याने कपड्यांचे दुकान मांडले आणि पुढे भागीदाराबरोबर ते आवारच विकत घेतले. वस्तीतल्या मुलांना विज्ञान-तंत्रज्ञान शिकता यावे म्हणून केंद्र काढण्यात त्याचा हात होता. ३१ मार्च २०१९ रोजी त्याच दुकानासमोर ओळखीच्याच माणसाने त्याला गोळ्या घातल्या. तेहतीस वर्षांचा होता. तेव्हा कोणी मला असे म्हणू नये की मी तुमच्यापुढे गुलाबाचे फुलच धरतो आहे.

आता आपल्याकडे येऊ, कारण ही कला केव्हाच समुद्र ओलांडून आली आहे. कुर्ल्याचा नावेद शेख, ज्याला नेझी म्हणतात, त्याने २०१४ मध्ये एका आयपॅडवर ठेका घेऊन, त्यावरच आवाज भरून आणि त्यावरच चित्रीकरण करून ‘आफत’ हे गाणे केले. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. त्याच्या आणि अंधेरीच्या डिव्हाइन या कलावंताच्या जीवनावरून सुचलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ मध्ये आला, तो आपण पाहिला असेल. त्याच वर्षी ‘स्वदेशी’ या मुंबईच्या पथकाने आरेच्या जंगलातल्या आदिवासींच्या बाजूने, त्यांच्यातल्याच प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. या पथकात मराठीत म्हणणारा आहे, आणि मराठीची धार या ठेक्यावर किती चढते ते ऐकून माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही स्फुरण आले. धारावीत तर २०१५ साली मुलांना ही कला मोफत शिकवणारी शाळाच सुरू झाली.

काही पालक मला म्हणतील, हे परकीय आहे. परकीय आहे खरे. पण दोन फड समोरासमोर बसवून रात्रभर सवाल-जवाब करणारा कलगी-तुरा आपल्याच मातीतला आहे, आणि त्या परंपरेत सगनभाऊ होते, ते शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे मुसलमान कारागीर. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल अमर शेख या नावाने गिरणगावात उभे राहिले, तेव्हा लाखोंची सभा ऐकत असे. आपल्या माणसांनी या राज्यात चारचौघांत मोठ्याने बोलायची विद्या काही आज नव्याने घेतलेली नाही. दुसरे काही जण म्हणतील, वाद्य घरात चालत नाही. त्या वादात मी पडत नाही. तो घराघराचा प्रश्न आहे. या कलेला वाद्य लागतेच असे नाही. मुले गोल उभी राहतात, एक जण तोंडाने ठेका धरतो, बाकीचे टाळी देतात आणि पाळीपाळीने म्हणतात.

आणि विद्यार्थी मित्रहो, कॅझचे झाले ते तुमचे होऊ नये म्हणून कायद्याची दोन वाक्ये सांगतो, ती लिहून घ्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही एखादी रचना लिहिली की तिचा हक्क त्या क्षणापासून तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे, तुमची रचना चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरली गेली तर मानधनातला तुमचा वाटा तुम्हाला सही करूनही सोडून देता येत नाही. मूळ ध्वनिमुद्रण मात्र ते तयार करणाऱ्याचे. म्हणून शक्य तेव्हा स्वतः तयार करा, पानावर तारीख घाला, आणि कागद वाचल्याखेरीज सही करू नका. इंग्रजी जड वाटली तर बाईंकडे घेऊन या.

शेवटी संस्थेकडे माझ्या दोन मागण्या आहेत. शाळेत जप्त केलेली वही शाळा सुटताना शिक्षकाने स्वतः मुलाच्या हातात परत द्यावी, असा एका ओळीचा नियम कार्यालयीन आदेशांच्या फाइलीत लावावा. दुसरी अशी की हे सभागृह शनिवारी दुपारी तीन ते पाच मोकळे असते, मी चौकशी केली आहे. ते या मुलांना द्यावे. मुलींनाही, आणि त्यांनी मागे बसायचे असे नाही. माइक आपल्याकडे आहेच. शिवी चालणार नाही, भिंतीला टेकायचे नाही, आणि श्रोत्यांनी ‘माइक पुढे द्या’ म्हटले की द्यायचा, एवढे फळ्यावर लिहून ठेवावे.

प्रश्न उरतो तो किल्लीचा. शिपाईमामांना शनिवारी दोन तास जास्त थांबावे लागेल. त्यांच्याशी मी सकाळी बोललो, त्यांची हरकत नाही. त्यांचा भत्ता पहिले वर्षभर मी देईन. ती शंभर पानी वही आज मी येथे आणली आहे आणि ग्रंथपालांकडे ठेवून जात आहे. तिच्यावर नाव आहे आणि तुकडी आहे. आपल्यापैकी कोणाच्या ओळखीचा तो निघाला, तर त्याला एवढा निरोप द्यावा की वही मिळाली आहे, आणि सरांनी ती वाचली.